केंटकींतील एक गुरुकुल

अमेरिकेस जाऊन आलेल्या माणसानें परत आल्यावर नायगाऱ्याच्या धबधब्याचें वर्णन करावें, असा आपल्याकडे प्रघातच पडून गेला आहे. आम्हीं तो धबधबा पाहिला. तो फार मोठा आहे. याहून अधिक त्याविषयीं आम्हांस सांगतां येणार नाहीं. चार महिन्यांच्या मुक्कामांत आमच्या मनांत खरोखर जें घर करून राहिलें, तें डोंगराच्या पायथ्याशीं वसलेलें एक लहानसें गांव आणि त्या गांवांतील एक कॉलेज. त्याची हकीकत घरांतील वडील मंडळींनीं व कॉलेजांत जाऊं पाहणाऱ्या मुलामुलींनीं एकत्र बसून वाचावी अशी आमची इच्छा आहे. कारण तींत थोडी आमची कबुलीही आहे.

आमची कन्या व जामात केंटकी संस्थानांतील लेक्सिंग्टन शहरीं राहतात. त्यांची थोरली मुलगी तेथल्या शाळेच्या शेवटच्या वर्गांत होती, आणि पुढें कोणत्या कॉलेजांत जावें हा त्या घरांत रोज रात्रीं जेवणाच्या वेळचा विषय होता. फीचे आंकडे ऐकून आमचा घांस हातांतच राही. एके दिवशीं ती म्हणाली, "आजोबा, येथून चाळीस मैलांवर एक कॉलेज आहे. तेथें फीच घेत नाहींत."

"मग तेथेंच जा कीं," आम्हीं सहज म्हटलें.

"मला घेणार नाहींत. बाबांना पगार जास्त आहे."

आम्हांस हंसूं आलें, आणि मग हंसूं थांबलें. ज्याच्यापाशीं पैसा आहे त्याच्या मुलाला कॉलेजचें दार उघडें आणि ज्याच्यापाशीं नाहीं त्याच्या मुलानें अर्ज घेऊन दारांत उभें राहावें, हीच जगाची रीत आम्हीं आजवर पाहिली होती. येथें उलटेंच होतें. ज्याच्या घरीं कॉलेजचा खर्च झेपण्यासारखा आहे, त्याच्या मुलाला या कॉलेजांत सामान्यतः प्रवेश नाहीं! तें कॉलेज पाहावयाचेंच, असें आम्हीं तेथल्या तेथें ठरविलें.

या कॉलेजचें नांव बेरिया कॉलेज. तें ज्या जातीचें आहे तिला तिकडे 'लिबरल आर्ट्‌स कॉलेज' म्हणतात. नांवावरून आपल्याकडील आर्ट्‌स कॉलेज डोळ्यांपुढें येतें, पण तें हें नव्हे. वैद्यकी, वकिली असा एखादा धंदा शिकण्यापूर्वीं मनुष्यास मनुष्य म्हणून जें ठाऊक असावें, तें आधीं शिकवावयाचें, असा या शिक्षणाचा बेत असतो. रसायन शिकणाऱ्या मुलालाही इतिहास, वाङ्मय व धर्मविचार यांतून जावें लागतें, आणि काव्याचा अभ्यास करणाऱ्यालाही प्रयोगशाळेचें तोंड पाहावें लागतें. चार वर्षांचा अभ्यास, वर्ग लहान, आणि बहुतेक विद्यार्थी कॉलेजच्या आवारांतच राहणारे. कौटिल्यानें आन्वीक्षिकी, त्रयी, वार्ता व दंडनीति अशा चार विद्या एका पंक्तीस बसविल्या, त्यांत शेती, गुरें व व्यापार यांची 'वार्ता'ही होती, याची आम्हांस तेथें आठवण झाली. अमेरिकेंतील अशीं पुष्कळ कॉलेजें एकोणिसाव्या शतकांत ख्रिस्ती पंथांनीं उपदेशक व शिक्षक तयार करण्यासाठीं काढलीं. बेरिया मात्र कोणत्याही एका पंथाच्या मालकीचें नाहीं.

'ख्रिस्ती कॉलेज' हा शब्द ऐकतांच आमच्या पिढीच्या कपाळावर एक आठी पडते, हें आम्ही लपवीत नाहीं. तिला कारणही आहे. डॉ. जॉन विल्सन यांनीं मुंबईंत १८३२ सालीं जी शाळा घातली, तिचेंच पुढें विल्सन कॉलेज झालें. त्या मिशनच्या शाळेंतील नारायण शेषाद्रि हा ब्राह्मण तरुण १८४३ सालीं ख्रिस्ती झाला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपति मिशनऱ्यांच्या घरीं राहिला. कोर्टानें श्रीपतीला बापाच्या स्वाधीन केलें. त्याला पुन्हां जातींत घ्यावें म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनीं पुढाकार घेतला, तेव्हां त्यांच्यावर केवढा गहजब झाला, हें इतिहास वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. अशी ती आठी वारशानें आलेली. म्हणून आम्हीं नातीला पहिला प्रश्न हाच विचारला कीं, तेथें जाणाऱ्याला बाटावें तर लागत नाहीं ना? ती म्हणाली, "नाहीं, झाडावें लागतें."

या उत्तराचा अर्थ आम्हांस तेथें गेल्यावर कळला.

कॉलेजचा इतिहास थोडक्यांत सांगितला पाहिजे. जॉन फी हा केंटकींतीलच एक उपदेशक. त्याचा जन्म गुलाम बाळगणाऱ्या घरांतला. परंतु गुलामगिरी हें पाप आहे असें तो उघड बोलूं लागला, आणि बापानें त्याला वारशांतून वगळलें. गुलामगिरीचा शत्रु असलेल्या कॅशियस क्ले नांवाच्या एका धनिक जमीनदारानें त्याला जमीन दिली. तेथें १८५५ सालीं एका खोलीची शाळा सुरू झाली. बायबलांत बेरिया म्हणून एक नगर आहे. तेथील लोक नवी शिकवण ऐकून घेत आणि ती खरी कीं खोटी हें स्वतः तपाशीत, अशी त्यांची ख्याति. तेंच नांव या जागेस दिलें. सर्व मानवांचें रक्त ईश्वरानें एकच निर्माण केलें, या अर्थाचें बायबलांतील वचन हें कॉलेजचें ब्रीद आहे.

ब्रीदवाक्यें सर्वच संस्थांना असतात. येथें तें लवकरच कसोटीस लागलें. १८५९ च्या डिसेंबरांत सुमारें साठ सशस्त्र स्वार गांवांत आले, आणि दहा दिवसांत संस्थान सोडून चालते व्हा, असें त्यांनीं शाळेच्या मंडळींस बजावलें. मंडळी बायकामुलांसह निघून गेली. यादवी युद्ध संपल्यावर ती परत आली आणि शाळा पुन्हां उघडली. १८६६-६७ सालीं शाळेंत १८७ विद्यार्थी होते. त्यांतले ९६ कृष्णवर्णीय व ९१ गोरे. वाचकांनीं हे आंकडे जरा डोळ्यांपुढें आणावेत. एक-दोन वर्षांपूर्वींपर्यंत ज्यांची बाजारांत खरेदी-विक्री होत होती, तीं मुलें आणि गोऱ्यांचीं मुलें एका बांकावर, आणि तींही गुलामगिरीच्या मुलुखांत!

पुढची हकीकत तितकी उजळ नाहीं. १८९२ सालीं विल्यम फ्रॉस्ट हे कॉलेजचे अध्यक्ष झाले. मोठे कर्ते गृहस्थ. त्यांनीं अॅपलाचियन डोंगरांतील दरिद्री गोऱ्यांकडे कॉलेजचें तोंड वळविलें, द्रव्य मिळविलें, इमारती उठविल्या. परंतु त्यांच्या काळांत कृष्णवर्णीयांचें प्रमाण घटत गेलें. मग १९०४ सालीं केंटकीच्या विधिमंडळानें कायदाच केला कीं, गोऱ्या व काळ्या मुलांस एकत्र शिकवितां कामा नये. संस्थानांत अशी दुसरी संस्था बहुधा नव्हतीच. कायदा बेरियासाठींच होता. कॉलेजला एक हजार डॉलर दंड झाला, दावा वॉशिंग्टनच्या वरिष्ठ कोर्टापर्यंत गेला, आणि १९०८ सालीं तेथेंही कॉलेज हरलें. न्यायमूर्ति हार्लन यांनीं भिन्न मत लिहिलें. ते केंटकीचेच. कॉलेजनें पैसा उभारून कृष्णवर्णीय मुलांसाठीं लुईव्हिल शहराजवळ निराळी शाळा काढून दिली. ती १९१२ सालीं उघडली. कायदा सैल होण्यास १९५० साल उजाडावें लागलें, आणि त्याच वर्षीं बेरियानें आपलें दार पुन्हां सर्वांस मोकळें केलें. ज्या कार्टर वुडसन यांनीं पुढें कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचें अध्ययन अमेरिकेंत रूढ केलें, ते तरुणपणीं कोळशाच्या खाणींत राबलेले गृहस्थ १९०३ सालीं बेरियाचे पदवीधर झाले. एक वर्ष उशीर झाला असता तर त्यांना तें दार बंद मिळतें.

ऑक्टोबर महिन्यांतील एका सकाळीं आम्ही उभयतां, कन्या व नात असे चौघे तेथें गेलों. झाडें लालपिवळीं झालीं होतीं. वर्षांतून एकदां, ऑक्टोबरांतच, येथें वर्ग बंद ठेवून सारें कॉलेज जवळच्या डोंगरावर चढतें. कित्येक तर सूर्योदय पाहण्यासाठीं अंधारांतच निघतात. १८७५ पासूनची ही चाल. तो दिवस नुकताच होऊन गेला होता.

कॉलेज दाखविण्यासाठीं आमच्याबरोबर एक विद्यार्थिनी आली. पाहुण्यांस कॉलेज दाखविणें हेंच तिचें त्या वर्षींचें काम होतें. येथील प्रत्येक विद्यार्थ्यास, अभ्यासाचा पुरा भार संभाळून, आठवड्यास निदान दहा तास कॉलेजचें काम करावें लागतें. त्यांत सवलत कोणासही नाहीं. पहिल्या वर्षीं काम बहुधा कॉलेजच नेमून देतें. पुढें ज्यानें त्यानें आवडीच्या खात्यांत अर्ज करावा. खातीं शंभराच्या वर आहेत. कोणी भोजनगृहांत भांडीं विसळतो, कोणी ग्रंथालयांत पुस्तकें लावतो, कोणी कॉलेजच्या शेतावर डुकरें व गुरें संभाळतो, कोणी प्रयोगशाळेंत काचसामान धुतो, कोणी मागावर विणतो, तर कोणी हिशेब लिहितो. या कामाचा तासावर पगार मिळतो, तो राहण्या-जेवणाच्या खर्चास उपयोगी पडतो. आणि मुख्य गोष्ट अशी कीं, या कामाचेंही मूल्यमापन होतें आणि त्याची नोंद राहते. ग्रीकांचा इतिहास उत्तम आला पण भांडीं नीट घासलीं नाहींत, असें येथें चालत नाहीं.

ती मुलगी पूर्व केंटकींतील कोळशाच्या प्रदेशांतली. रसायनशास्त्र शिकत होती. आम्हीं कन्येमार्फत तिला विचारलें, "पहिल्या वर्षीं तुला काय काम होतें?"

"वसतिगृहाची झाडलोट. न्हाणीघरें वगैरे."

"मग लाज नाहीं वाटली?"

हा प्रश्न तिला कळेना. कन्येनें तो दोन-तीन प्रकारें विचारून पाहिला. शेवटीं ती मुलगी म्हणाली, "पण सगळेच कांहीं ना कांहीं करतात," आणि आम्हांस प्रार्थनामंदिराकडे घेऊन गेली.

तें मंदिर १९०६ सालचें. आधींचें लांकडी मंदिर १९०२ सालीं जळालें, म्हणून एका धनिक बाईंच्या देणगीनें हें विटांचें झालें. विटाही मुलांनींच भाजल्या आणि भिंतीही मुलांनींच उभ्या केल्या. आंत व्याख्यानें व गायनवादन होतें, आणि ठराविक संख्येनें त्यांस हजर राहणें हाही अभ्यासाचाच भाग समजतात. विद्यार्थ्यानें ख्रिस्तीच असावें अशी अट नाहीं. ख्रिस्ती धर्माचा विचारपूर्वक परिचय करून देणारा एक विषय मात्र अभ्यासक्रमांत अनेक वर्षें सर्वांसाठीं ठेवलेला होता. आमच्या मार्गदर्शिकेला आम्हीं त्याविषयीं छेडलें. ती म्हणाली कीं, त्या तासाला भांडणें फार होतात. हें ऐकून आम्हांस बेरिया नगरच्या त्या तपासून पाहणाऱ्या लोकांची आठवण झाली, आणि कपाळावरची आठी थोडी सैल झाली.

सुमारें पंधराशें विद्यार्थी, त्यांत बरेचसे अॅपलाचियन डोंगरांतले व कांहीं परदेशांतले, आणि १८९२ पासून कोणाकडूनही शिकवणीची फी नाहीं. मग हें चालतें कशावर? १९२० सालीं विश्वस्तांनीं ठराव केला कीं, मृत्युपत्रानें येणारी जी देणगी अमुक कामासाठीं म्हणून बांधलेली नसेल, ती खर्च न करतां गंगाजळींत घालावयाची. तो नियम पाळीत गेल्यानें आज ती गंगाजळी एक अब्ज डॉलरांहून अधिक आहे. २०१७ सालीं अमेरिकन सरकारनें अशा मोठ्या गंगाजळ्यांवर कर बसविला, तेव्हां बेरियाही त्याच्या जाळ्यांत सांपडण्याचा प्रसंग आला. पुढल्या वर्षीं कायद्यांत फी भरणारे विद्यार्थीच मोजावेत अशी दुरुस्ती झाली, आणि ज्याच्याकडे फी भरणारा कोणी नाहीं तें कॉलेज सुटलें. संस्था काढणें सोपें. पैसा आला असतां तो शंभर वर्षें न खाणें कठीण, हें ज्यांनीं आपल्याकडील एखाद्या शिक्षणसंस्थेच्या कार्यकारी मंडळावर काम केलें आहे त्यांस आम्हीं सांगावयास नको.

आणि अभ्यास कच्चा राहत असेल, अशी कोणास शंका येईल. २००२ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक ज्यांस विभागून मिळालें, त्यांतील जॉन फेन हे याच कॉलेजचे १९३७ सालचे पदवीधर. बेल हुक्स या प्रख्यात लेखिका मोठमोठ्या विद्यापीठांतून शिकवून २००४ सालीं येथें अध्यापनास आल्या, आणि २०२१ सालीं याच गांवांत वारल्या.

आतां कबुली. आम्ही ज्या शाळेंत शिकवीत होतों, तेथें हस्तव्यवसायाचा एक तरुण शिक्षक आला होता. त्यानें आठवीच्या मुलांकडून शनिवारीं पाळीपाळीनें वर्ग झाडून घेण्याचा क्रम सुरू केला. पंधरा दिवसांत पांच-सहा पालक तक्रार घेऊन आले. सारे आपल्याच घरचे. आमच्याशीं उठणें-बसणें असलेले. मुलांस शिकावयास पाठविलें आहे, शिपायाचें काम करावयास नव्हे, असें त्यांचें म्हणणें. मुख्याध्यापकांनीं ज्येष्ठ शिक्षक म्हणून आमचें मत घेतलें. आम्हीं सांगितलें कीं, ज्यांच्या पालकांची हरकत असेल त्या मुलांस वगळावें. हा तोडगा आम्हांस फार समंजस वाटला होता. वगळण्याची यादीही आमच्याच अक्षरांत होती. महिन्याभरांत झाडणारीं मुलें उरलीं सात-आठ. ज्यांचे बाप शाळेंत कधीं आलेच नव्हते, आणि आले असते तरी ज्यांना कोणी खुर्ची दिली नसती, अशांचीं. त्या शिक्षकानें तो क्रम स्वतःच बंद केला आणि वर्षअखेर दुसरीकडे निघून गेला. जातांना तो आम्हांस एवढेंच म्हणाला, "गुरुजी, तुम्ही आरुणीची गोष्ट फार छान सांगतां."

आरुणीची गोष्ट आम्ही तीस वर्षें सांगत होतों. धौम्य ऋषींच्या शेताचा बांध फुटला, पाणी कशानेंही अडेना, तेव्हां तो शिष्य स्वतःच बांधाच्या जागीं आडवा झाला. उपमन्यूनें गुरूचीं गुरें राखलीं. सत्यकाम जाबाल चारशें गाई घेऊन रानांत गेला आणि त्यांच्या हजार झाल्यावर परतला. त्याला ब्रह्मविद्येचा उपदेश मिळाला तो वाटेंत, गुरांच्या संगतींत. हीं सारीं वाक्यें आम्हीं मुलांकडून पाठ करून घेतलीं, त्यांवर प्रश्न काढले, गुण दिले. आणि केरसुणीची यादीही आम्हींच केली.

आमचे वडील पुण्यांत वार लावून शिकले. सात घरीं सात दिवस जेवणारा तो विद्यार्थी. सोमवारचें घर प्रेमळ होतें आणि गुरुवारच्या घरीं ताक पातळ असे, हें ते म्हातारपणींही सांगत. त्या घरांचे उपकार आम्हीं कधीं विसरणार नाहीं. पण त्या सात घरीं दारें उघडीं होतीं तीं एकाच जातीच्या मुलांसाठीं, हा विचार वडिलांना सुचला नाहीं, आणि आम्हांस सुचला तो साठी उलटल्यावर, केंटकींत. जवळ साताऱ्यास भाऊराव पाटलांनीं सर्व जातींचीं मुलें एका वसतिगृहांत ठेवलीं. तीं एकत्र रांधीत आणि एकत्र जेवीत. लक्ष्मीबाईंनीं त्यांच्यासाठीं अंगावरचे दागिने मोडले. १९४७ सालीं त्यांनीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी कॉलेज काढलें तें 'कमवा आणि शिका' याच पायावर. हें सर्व आम्हांस ठाऊक होतें. त्यावर निबंधही घातले होते. परंतु जवळच्या तीर्थाला माणूस जात नाहीं म्हणतात, तशांतली गत.

दुपारीं जेवणास बून टॅव्हर्न नांवाच्या कॉलेजच्या उतारशाळेंत गेलों. ती बांधली त्याची कथा एकत्र कुटुंबांतील गृहिणींना पटेल. अध्यक्ष फ्रॉस्ट यांच्या घरीं कॉलेज पाहण्यासाठीं येणाऱ्या पाहुण्यांची एवढी रीघ लागे कीं, एका उन्हाळ्यांत तीनशेंवर पाहुण्यांची उठाठेव केल्यावर त्यांच्या पत्नीनें, पाहुण्यांसाठीं निराळी जागा बांधा, असा तगादा लावला; आणि १९०९ सालीं ही उतारशाळा उघडली. वाढणारीं बरींचशीं मुलें कॉलेजचींच. येथें 'स्पूनब्रेड' म्हणून मक्याच्या पिठाचा मऊ, चमच्यानें खावयाचा पदार्थ मिळतो. दिसण्यांत तो आपल्या सांज्याच्या वडील भावासारखा. पण त्यांत अंडीं असतात असें कळल्यावर आमच्या मंडळींनीं बशी हळूच नातीकडे सरकविली, आणि वाढणाऱ्या मुलानें न सांगतां उकडलेल्या भाज्या आणून ठेवल्या.

परततांना कॉलेजच्या दुकानांत शिरलों. मुलांनीं विणलेल्या चादरी, लांकडी सामान, आणि भिंतीवर रांगेनें टांगलेल्या केरसुण्या. केरसुण्या बांधण्याचें खातें येथें १९२० पासून आहे. त्या ज्या गवताच्या करतात तें गवत नसून ज्वारीचीच एक जात आहे. दाण्यासाठीं नव्हे, तर लांब तुऱ्यासाठीं लावलेली. हें कळतांच त्या परक्या देशांत एकदम घरचें माणूस भेटल्यासारखें झालें. चुलीजवळची राख लोटण्याची एक लहान केरसुणी आम्हीं घेतली. किंमत रुपयांत करून पाहिली, आणि पाहिली नसती तर बरें झालें असतें.

ती आतां आमच्या ओसरीवर खुंटीला आहे. येणारीं-जाणारीं माणसें हातांत घेऊन पाहतात. आम्ही परतलों त्याच्या दुसऱ्या दिवशीं सूनबाईंनीं विचारलें, "मामंजी, ही शोभेची कीं वापरायची?" आम्हीं ती खुंटीवरून काढली आणि ओसरी झाडून काढली. सूनबाई दारांत उभ्या राहून पाहत होत्या. थोड्या वेळानें त्या म्हणाल्या, "कोपरे राहिले."